माझ्या वतीने कोण बोलणार?

आपल्याकडे म्हातारी माणसे एक वाक्य वारंवार बोलतात : 'हातपाय चालते आहेत तोवर देवाने न्यावे, माझे करायची वेळ कुणावर येऊ नये.' ते कानावर पडले की घरातले कुणीतरी लगेच दटावते. 'आई, असे अभद्र बोलू नकोस. वास्तू तथास्तु म्हणते.' विषय तिथेच मिटतो. पुढे काही वर्षांनी तीच आई अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे असते. घशात नळी असते. ती नळी ओढते म्हणून हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले असतात. बाहेर बाकावर तिन्ही मुले बसलेली असतात आणि डॉक्टर विचारतात, 'पुढे काय करायचे?' तिघांनाही आईचे ते वाक्य आठवत असते. पण त्याचा नेमका अर्थ काय, हे तिला विचारायचे राहून गेलेले असते.

वैद्यकीय इच्छापत्राची, म्हणजे लोक ज्याला लिव्हिंग विल म्हणतात त्याची चर्चा गेल्या काही वर्षांत मराठी वृत्तपत्रांतून पुष्कळ झाली. ती बहुतेक कागदाभोवती फिरली. नमुना कुठे मिळतो, साक्षीदार किती, नोटरी चालतो का, प्रत कुणाकडे ठेवायची. कागद हवाच. पण दीर्घ आजार वर्षानुवर्षे चालतो, आणि त्या सगळ्या काळात रुग्णाच्या सर्वांत जवळ असते ती परिचारिका. शेवटच्या काळातल्या उपचारांचा विचार आधी करून ठेवायचा, तर त्यात तिची जागा कोणती, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. आम्हांला तो मध्यवर्ती वाटतो. त्याचे उत्तर मात्र पहिल्या नजरेला वाटते तितके सरळ नाही.

बरा होणारा आजार आणि सोबत राहणारा आजार यांतली शुश्रूषा वेगळी असते. न्यूमोनियाच्या पेशंटला सिस्टर वेळेवर औषध देते, ताप मोजते, आठ-दहा दिवसांत तो घरी जातो. हृदय कमकुवत झालेल्या माणसाचे तसे नसते. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचे हे त्याला शिकवावे लागते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगात साचलेले पाणी आहे, डॉक्टरांना कळवायला हवे, हे समजावून द्यावे लागते. मीठ कमी करा म्हणणे सोपे असते. त्या घरात जेवणाला चव लोणच्या-पापडानेच येते, हे ठाऊक असलेली सिस्टर मात्र वेगळ्या तऱ्हेने बोलते. मधुमेह्याने पायाचे तळवे रोज उजेडात पाहायचे, दमेकऱ्याने ओठ आवळून सावकाश श्वास सोडायचा, अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि प्रत्येक वेळी माकडहाडापाशी, टाचांपाशी कातडी लाल झाली आहे का ते पाहायचे. ही शुश्रूषेची बाराखडी आहे. मराठीत यासाठी एकच क्रियापद आहे : करणे. 'तिने सासूचे सगळे केले' एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला न्हाऊमाखू घालण्यापासून बेडपॅनपर्यंतचे सगळे समजते.

या करण्यात शेवटाचा विचार सुरुवातीपासून आहे. अमेरिकन परिचारिका व्हर्जिनिया हेंडरसन यांनी 1966 मध्ये मांडलेल्या नर्सिंगच्या व्याख्येत, माणसाला बरे व्हायला मदत करण्याच्या जोडीनेच शांत मृत्यूसाठी मदत करण्याचाही उल्लेख आहे. आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या काळातल्या रुग्णांच्या सेवाकेंद्रांची, सुरुवात ज्यांच्यापासून मानतात त्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, डॉक्टर नंतर झाल्या. त्यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले. दुखणे केवळ शरीराचे नसते, त्यात पैशाची चिंता, नात्यांतली गाठ, देवावरचा राग हे सगळे मिसळलेले असते, ही त्यांची मांडणी रुग्णांच्या उशाशी बसून तयार झाली.

दीर्घ आजाराची वाट कशी जाते यावर शेवटाविषयी बोलण्याची वेळ ठरते. जुलिएट कॉर्बिन या परिचारिकेने आणि ॲन्सेल्म स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञाने आजाराकडे अशी वाट म्हणून पाहायला शिकवले. कर्करोगात बराच काळ माणूस हिंडताफिरता असतो आणि मग उतार एकदम येतो. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड निकामी होत जाते तेव्हा वाट वरखाली होते. माणूस आयसीयूत जातो, सावरून परत येतो, पण दर वेळी थोडा कमी होऊन येतो. कोणता फेरा शेवटचा हे आधी कुणी सांगू शकत नाही, म्हणून कुणी काही बोलतच नाही. स्मृतिभ्रंशात उतार संथ असतो, पण बोलण्याचे दार फार लवकर बंद होते. ज्याच्या आजाराचे निदान नुकतेच झाले आहे, ज्याला अजून नातवंडांची नावे आठवतात, त्याच्याशी आज बोलले नाही तर ते बोलणे कायमचे राहते.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. तालुक्याच्या गावातले डायलिसिस केंद्र. साठी उलटलेले एक काका आठवड्यातून तीनदा येतात, दर खेपेला चार तास यंत्राला जोडलेले असतात. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. म्हणजे मुलापेक्षा सिस्टरच त्यांना जास्त पाहते. एका सकाळी ते म्हणतात, 'सिस्टर, हे आणखी किती दिवस?' या प्रश्नाला आपल्या वॉर्डांत ठरलेले उत्तर आहे : 'काळजी करू नका काका, सगळे छान होईल.' प्रश्न बंद. शिकलेली, धीराची सिस्टर स्टूल ओढून बसते आणि विचारते, 'काका, आज असे का वाटले?' मग कळते की पहाटे पाचची एसटी पकडावी लागते, परतीची गाडी चुकली की स्टँडवर तीन तास बसावे लागते, आणि डायलिसिसनंतर उलटी होते तेव्हा लोक दारुड्यासारखे बघतात. काका जगायला कंटाळलेले नाहीत, प्रवासाला कंटाळले आहेत. पाळी बदलून दुपारची केली की त्यांचा तो प्रश्न महिनाभर येत नाही. नंतर कधीतरी, दुसऱ्याच कुठल्या विषयावर बोलताना, ते आपणहून सांगतात, 'मागच्या वेळी त्या काचेच्या खोलीत ठेवले होते ना, तिथे मात्र पुन्हा नको. नातीचे लग्न झाले की माझे काही म्हणणे नाही.'

पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे इच्छापत्राचा कागद ठेवला असता, तर त्यांनी 'डायलिसिस बंद करा' यावर सही केली असती. कायद्याने ती सही खरी ठरली असती, आणि मनातली इच्छा मात्र वेगळीच राहिली असती. परिचारिकेची जागा कुठे आहे याचे आमच्या दृष्टीने याहून चांगले उदाहरण नाही. माणसाच्या तोंडचे वाक्य आणि त्याचा अर्थ यांच्यामध्ये जो वेळ जावा लागतो, तो वेळ तिच्यापाशी असतो. निदान असायला हवा.

आता कायदा. इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. वैद्यकीय इच्छापत्र म्हणजे इच्छामरण नव्हे. इंजेक्शन देऊन जीव घेणे भारतात गुन्हा होता आणि आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 9 मार्च 2018 रोजी 'कॉमन कॉज' खटल्यात एवढेच मान्य केले की, सन्मानाने मरणे हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि बरे होण्याची आशा उरली नसताना केवळ मरण लांबवणारे उपचार नकोत, असे सज्ञान माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. त्या निकालातली प्रक्रिया इतकी अवघड होती की ती वापरणे जवळपास अशक्य होते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने ती सुटसुटीत केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक जवळच्या व्यक्तींची नावे त्यात देता येतात. वेळ येते तेव्हा आधी रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ आणि मग दुय्यम मंडळ, शक्यतो प्रत्येकी 48 तासांत, मत देते. लिहिलेले कधीही मागे घेता येते. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अभिरक्षकाकडे ठेवायची असते. गोव्यात मे 2024 च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून त्या राज्यात सुरुवात करून दिली. महाराष्ट्रात अभिरक्षक नेमले जावेत यासाठी मुंबईचे डॉक्टर निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली.

या सगळ्या रचनेत एक गोष्ट खटकते. दोन्ही मंडळांत डॉक्टरच आहेत. प्राथमिक मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान 5 वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतात. दुय्यम मंडळात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. रात्री दोन वाजता ज्या बाईने त्या माणसाचा हात धरला होता, तिचे म्हणणे कुठे नोंदवायचे याचा एक शब्दही त्यात नाही.

पण परिचारिकेच्या जवळिकीलाही मर्यादा आहेत, आणि त्या दाखवणारी घटना आपल्याच मुंबईतली आहे. अरुणा शानबाग स्वतः केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्यांच्यावर तिथेच पाशवी हल्ला झाला, मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्यानंतर 18 मे 2015 पर्यंत, जवळपास 42 वर्षे, त्या त्याच रुग्णालयात एका खाटेवर होत्या. त्यांना पाहून आलेल्या डॉक्टरांनी सर्वोच्च न्यायालयाला जे कळवले त्यातली एक नोंद जगातल्या कुठल्याही नर्सिंग कॉलेजात शिकवावी अशी आहे : इतक्या वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण नाही. पिढ्या बदलल्या, ज्यांनी त्यांना हिंडताफिरताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या, आणि ज्यांनी त्यांना कधीच बोलताना ऐकले नव्हते अशा तरुण परिचारिका त्यांना भरवत राहिल्या, कूस बदलत राहिल्या.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांचे कृत्रिमरीत्या चाललेले जगणे थांबवावे म्हणून याचिका केली. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांनी ती फेटाळली. मात्र त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट देशात प्रथमच उघडली. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, यावर न्यायालय म्हणाले की तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. त्यांनीच त्यांचे केले होते आणि त्यांना त्या जगायला हव्या होत्या.

हा निर्णय वाचताना मन दोन्हीकडे जाते. त्या परिचारिकांपुढे हात जोडावेत असे वाटते, आणि त्याच वेळी हेही जाणवते की, अरुणांना स्वतःला काय हवे होते हे दोन्ही बाजूंपैकी कुणालाच ठाऊक नव्हते. विराणींची कळकळ विराणींची होती, परिचारिकांची माया परिचारिकांची होती. जो जिवापाड करतो त्याला त्या माणसाच्या मनातले कळतेच असे नाही. कधी कधी करणाऱ्याचेच मन त्या माणसाला सोडायला तयार नसते. घराघरांतून मुलांचेही हेच होते. म्हणून परिचारिकेने रुग्णाच्या वतीने निर्णय घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही. तिने ऐकावे, टिपावे, आणि ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्यापर्यंत ते पोहोचवावे.

असे आधी बोलून ठेवल्याने खरेच काही साधते का? यावर जगात तीस वर्षे मोजमाप चालले आहे आणि ते एका दिशेला बोट दाखवत नाही. अमेरिकेत 1995 मध्ये 'सपोर्ट' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पाच रुग्णालये, 9 हजारांहून अधिक गंभीर रुग्ण. दुसऱ्या टप्प्यात खास तयार केलेल्या परिचारिकांनी रुग्णांशी, नातेवाइकांशी, डॉक्टरांशी पुन्हा पुन्हा बोलून इच्छा समजून घेतल्या. निकाल निराशाजनक होता. शेवटच्या दिवसांत आयसीयूतले दिवस कमी झाले नाहीत, वेदना कमी झाल्या नाहीत. बोलणे झाले, पण रुग्णालयाचा गाडा ठरलेल्या रुळांवरून तसाच गेला. शॉन मॉरिसन, डायन मायर आणि रॉबर्ट अर्नोल्ड हे अमेरिकेतले या क्षेत्रातले नावाजलेले डॉक्टर. त्यांनी 2021 मध्ये उघडपणे लिहिले की, वर्षानुवर्षांपूर्वी नोंदवलेली इच्छा त्या क्षणी उपयोगी पडतेच असे नाही.

दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा 2010 मधला अभ्यास आहे. ऐंशीच्या पुढच्या 309 रुग्णांपैकी निम्म्यांशी, प्रशिक्षण घेतलेल्या, डॉक्टर नसलेल्या कर्मचाऱ्यांनी शांतपणे बोलून त्यांचे प्रतिनिधी ठरवले आणि ते डॉक्टरांच्या कानावर घातले. पुढच्या सहा महिन्यांत जे वारले, त्यांच्यापैकी बोलणे झालेल्या 86 टक्क्यांची इच्छा माहीत होती आणि पाळली गेली. बोलणे न झालेल्यांत हे प्रमाण 30 टक्के होते. मागे राहिलेल्या कुटुंबीयांत नैराश्य आणि धसका कमी आढळला. त्याच वर्षी बॉस्टनमधून आलेल्या निष्कर्षांनी आणखी एक भीती खोटी पाडली. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांत ज्यांना सुरुवातीपासून उपशामक सेवा, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा, मिळाली, त्यांच्यावर शेवटी कठोर उपचार कमी झाले, आणि त्यांच्या जगण्याचा मध्यक 8.9 ऐवजी 11.6 महिने होता. मरणाविषयी बोलले की माणूस खचतो, हा आपला समज तिथे तरी टिकला नाही.

दोन्ही बाजूंचे हे आकडे शेजारी ठेवले तर आम्हांला एवढे दिसते की बोलण्यामागे व्यवस्था उभी असेल तर ते कामी येते, नसेल तर वाऱ्यावर जाते. मेलबर्नला सगळी रचना एका रुग्णालयाने आतून स्वीकारली होती.

आपल्याकडच्या शंका मात्र या अभ्यासांत मावत नाहीत. पहिली पैशाची. सरकारी असो की खासगी, आपल्या रुग्णालयांतून रोज माणसे 'स्वतःच्या जबाबदारीवर' घरी नेली जातात. वॉर्डच्या भाषेत 'डामा'. नातेवाईक सही करतात, ॲम्ब्युलन्समध्ये सिलिंडर असतो तोवर श्वास असतो. इथे कुठलेच मंडळ बसत नाही, कुठलीच इच्छा विचारली जात नाही. शेत विकायचे की बाप घरी न्यायचा, एवढाच प्रश्न असतो. ज्या समाजात उपचार थांबण्याचे सर्वांत नेहमीचे कारण रिकामा खिसा आहे, तिथे 'उपचार नको असे लिहून ठेवा' ही मोहीम गरिबांपर्यंत कोणत्या अर्थाने पोहोचेल? आपल्याला खर्चात काढत आहेत असे वाटले, तर तो त्यांचा दोष म्हणता येणार नाही. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांची भीतीही याच जातीची आहे. धडधाकट माणूस म्हणतो, 'अशा अवस्थेत मला जगायचे नाही', आणि त्याच अवस्थेत कित्येक माणसे रोज सकाळी उठून चहा पितात, भांडतात, हसतात. आजारपणाने माणसाची इच्छा बदलते. निरोगीपणी लिहिलेल्या कागदाला हे माहीत नसते.

दुसरी शंका बायकांची, आणि ती आम्हांला सर्वांत जास्त छळते. आयुष्यभर सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले खाल्लेली बाई म्हातारपणी म्हणते, 'मला काही नको रे, उगीच माझ्यावर पैसे घालू नका.' ही तिची इच्छा, की सवय? तिच्या मागच्या सत्तर वर्षांनी तिला शिकवलेले हे वाक्य दोन साक्षीदारांसमोर नोंदवून घेतले की ते 'स्वायत्त निर्णय' होते काय? इथे पुन्हा सिस्टरच लागते. मुलगा-सून खाली चहाला गेलेले असताना, वेणी घालता घालता, 'आजी, पैशाचे सोडा. तुमच्या मनात काय आहे?' असे विचारू शकेल अशी दुसरी व्यक्ती त्या इमारतीत नसते.

तिसरी शंका डॉक्टरांची. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर 2024 मध्ये जीवरक्षक उपचार थांबवण्याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने त्यावर नाराजी दाखवली. डॉक्टर हे निर्णय आजही सद्सद्विवेकाने घेतात, त्यांना कायदेशीर तपासणीच्या कात्रीत धरू नका, असा तिचा सूर होता. तोडफोडीच्या छायेत काम करणाऱ्यांचे हे भय आम्हांला खोटे वाटत नाही. पण जे आजही घेतले जातात ते निर्णय रुग्णाला न विचारता घेतले जातात, हीच तर तक्रार आहे.

या शंकांमुळे आम्ही विरोधात जात नाही. त्यांनी आमच्या बाजूने जाण्याला अटी घातल्या आहेत. पहिली अट उपशामक सेवेची. वेदना थांबवण्याची सोय नसताना 'व्हेंटिलेटर नको' असे लिहायला सांगणे म्हणजे माणसाला तडफडत घरी पाठवणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात अशा सेवेची गरज असलेल्यांपैकी 14 टक्क्यांनाच ती मिळते. मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन आहे, पुण्यात वारजे इथे 1997 पासून सिप्लाचे केंद्र आहे. त्यांचे काम थोर आहे, पण नांदेडच्या किंवा गडचिरोलीच्या पेशंटला त्यांचा उपयोग किती? केरळने 2008 मध्ये उपशामक सेवेचे धोरण केले आणि ग्रामपंचायतीच्या पातळीवर घरी जाणाऱ्या परिचारिकेला त्याचा कणा बनवले. ती जखम धुते, मॉर्फिनच्या गोळ्यांचा हिशेब ठेवते, त्याने बद्धकोष्ठ होते म्हणून सोबत रेचक द्यायला विसरत नाही, आणि ओसरीवर बसून ऐकते. मॉर्फिनच्या वाटेत 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने घातलेले अडथळे 2014 च्या दुरुस्तीने कमी केले आहेत. महाराष्ट्राच्या उपकेंद्रांत आज समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, त्यांच्यात नर्सिंगचे पदवीधर आहेत, आशा ताई आहेत. कागदावर या केंद्रांच्या सेवांत उपशामक सेवेचा समावेशही आहे. ती प्रत्यक्षात आणण्याआधी इच्छापत्रांची शिबिरे भरवणे आम्हांला उलट्या क्रमाचे वाटते.

दुसरी अट सक्ती नसण्याची. रुग्णालयात भरती होताना ज्या दहा-बारा सह्या घेतल्या जातात, त्यांत ही अकरावी-बारावी सही होता कामा नये. विम्याच्या दाव्याशी तिचा संबंध जोडू नये. ज्याला या विषयावर बोलायचे नाही, त्याचे न बोलणेही मान्य करावे.

तिसरी अट परिचारिकेसाठी आहे. रात्रपाळीला जिच्या वाट्याला अख्खा वॉर्ड येतो, तिने स्टूल ओढून बसावे अशी अपेक्षा ठेवण्याआधी तिच्या खाटांची संख्या कमी करा. असे बोलणे कसे करायचे, रडू आले तर काय करायचे, 'सिस्टर असे अभद्र बोलली' अशी तक्रार आली तर पाठीशी कोण, हे तिला शिकवा आणि लेखी द्या. पेशंटने सांगितलेली इच्छा केस पेपरवर लिहिण्याचा अधिकार तिला असावा, आणि मंडळ बसेल तेव्हा ती नोंद वाचल्याशिवाय मत देऊ नये. असे करायला न्यायालयाने कुठेही मनाई केलेली नाही.

या सगळ्याला वर्षे लागतील. तोवर संपूर्ण इच्छापत्राचा आग्रह धरण्यापेक्षा एका गोष्टीने सुरुवात करावी असे आमचे मत झाले आहे. कोणत्या यंत्राला हो आणि कोणत्याला नाही, हे वीस वर्षे आधी ठरवता येत नाही. पण आपल्या वतीने कुणी बोलावे, हे बहुतेकांना आजही ठाऊक असते, आणि ते नेहमी थोरला मुलगाच असते असे नाही. कधी धाकटी मुलगी असते, कधी शेजारची मैत्रीण, कधी बायको, जिला आयसीयूबाहेर कुणी विचारतच नाही. मधुमेहाची, डायलिसिसची, केमोची जी फाइल पिशवीतून दवाखान्यात नेली जाते, तिच्या पहिल्या पानावर रक्तगटाखाली एक ओळ वाढवता येईल : 'मला बोलता आले नाही तर कुणाला विचारावे?' ती ओळ सिस्टरने रुग्णाला एकटे गाठून भरावी, आणि प्रत्येक भरतीनंतर, आजाराच्या प्रत्येक वळणावर पुन्हा विचारावी. ज्याचे नाव तिथे लिहिले जाईल, त्याला ते सांगितलेले असावे, आणि रुग्णाला काय हवे आहे याबद्दल त्या दोघांचे एकदा तरी सावकाश बोलणे झालेले असावे. त्या ओळीला कायद्याने इच्छापत्राचे वजन नसेल, पण बाहेर बाकावर बसलेल्या तिघांपैकी डॉक्टरांनी कुणाकडे पाहायचे हे ती सांगेल. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने ही ओळ आपल्या केस पेपरवर छापावी, अशी आमची मागणी आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.